उत्तर खिशात असताना प्रश्न कशाला पडतो?

ऐरोलीच्या जेट्टीवर आम्ही भरतीची वाट बघत बसलो होतो. फ्लेमिंगो दाखवायला खाडीत नेणाऱ्या बोटी पाण्याच्या वेळेवर सुटतात, पाणी चढल्याशिवाय बोट हलत नाही. माझ्याबरोबर कळव्याच्या आमच्या अभ्यासिकेतली अकरा मुलं होती. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आता रोज संध्याकाळी या मुलांबरोबर दोन तास बसते. सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, फ्लेमिंगो गुलाबी का असतात?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या मुलीने तोच प्रश्न फोनला विचारला होता. फोन म्हणाला, ते जे शेवाळ आणि बारीक जीव खातात त्यांतल्या रंगद्रव्यामुळे. "हां," असं म्हणून मुलगा दुसरीकडे बघायला लागला. सगळं मिळून चार सेकंद लागले असतील.

उत्तर बरोबर होतं. पुढे बोट खाडीत गेली, चिखलाच्या कडेने उभा असलेला गुलाबी पट्टा जवळ आला आणि तोच मुलगा एकदम उठून उभा राहिला. "ते बघा, ते राखाडी आहेत! तेही तेच खातात ना? मग ते गुलाबी का नाहीत?" बोटवाले दादा म्हणाले, "ती पिल्लं. गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं जातात." मग परत येईपर्यंत त्याचं तोंड बंद नव्हतं. रंग पोटातून पिसात जातो कसा? खाणं बदललं तर रंग उडेल का? (उडतो. प्राणिसंग्रहालयात त्यांच्या खाण्यात रंगद्रव्य नसलं तर हे पक्षी फिके पडत जातात.)

चार सेकंदांत विझलेला प्रश्न अर्ध्या तासाने पुन्हा पेटला कसा? सध्या घराघरांत एक काळजी ऐकू येते: एआय सगळी उत्तरं द्यायला लागलंय, आता मुलं डोकं चालवायचं सोडून देतील का? त्याचं उत्तर शोधायचं तर आधी जाणून घ्यायची इच्छा म्हणजे काय, ते समजून घ्यावं लागेल. आणि त्यावर माणसं अडीच हजार वर्षं विचार करत आली आहेत.

शब्द उघडून बघू

जिज्ञासा हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्याची घडण लक्षातच येत नाही. संस्कृतात एखादी क्रिया करण्याची इच्छा सांगायची असली, की धातूचा, म्हणजे क्रियापदाच्या मुळाचा, पहिला आवाज दुप्पट करून शेवटी 'सा' जोडायची एक पद्धत आहे. पा म्हणजे पिणे, त्यावरून पिपासा, पिण्याची इच्छा, म्हणजे तहान. भुज् म्हणजे खाणे, त्यावरून बुभुक्षा, म्हणजे भूक. मोक्षाची इच्छा ती मुमुक्षा. आणि ज्ञा म्हणजे जाणणे, त्यावरून जिज्ञासा.

म्हणजे शब्द घडवणाऱ्यांनी जाणून घ्यायच्या इच्छेला भूक आणि तहान यांच्याच पंगतीत बसवलं. याच कुळातले आणखी दोन शब्द आपल्या रोजच्या मराठीत आहेत. शुश्रूषा हा मुळात ऐकण्याची इच्छा सांगणारा शब्द. गुरूचं ऐकायचं म्हणून त्याच्याजवळ राहायचं, तिथून तो सेवेवर आला आणि आज दवाखान्यात पोचला. दुसरा चिकित्सा. भाजी घेताना प्रत्येक भेंडी मोडून बघणाऱ्या बाईला आपण 'फार चिकित्सक' म्हणतो. तिला म्हणताना आपल्याला कल्पनाही नसते की हाही जिज्ञासेचा सख्खा भाऊ आहे.

तहानेची तुलना एका ठिकाणी मात्र तुटते. पाणी प्यालं की तहान भागते. जिज्ञासेचं तसं नाही, हे त्या बोटीतल्या मुलाने दाखवलंच.

सगळ्यांनाच असते का ही तहान?

ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलने आपल्या एका ग्रंथाची सुरुवातच या विधानाने केली आहे: सर्व माणसांना स्वभावतःच जाणून घ्यायची इच्छा असते. काळ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाचा. पुरावा म्हणून तो काही अवघड सांगत नाही. बघा ना, म्हणतो, काही उपयोग नसला तरी माणसाला नुसतं बघायला आवडतं.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. आत सुमारे चारशे पाहुणे होते, पण वाटेवर तिला बघायला त्याहून कितीतरी जास्त माणसं जमली. त्यांना तिकीट काढायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. बैल नाहीत, घोडे नाहीत, मग हे चालतं कसं, एवढंच त्यांना बघायचं होतं. आजही कळवा पुलावर कुणी दोघं वाकून खाडीत बघत असली, की तिसरा आपोआप थांबतो.

जे माहीतच नाही, ते शोधणार कसं?

आता जरा अवघड भाग. पण गंमत याच भागात आहे.

अॅरिस्टॉटलचा गुरू प्लेटो. त्याच्या एका संवादात मेनो नावाचा तरुण सॉक्रेटिसला कोंडीत पकडतो. त्याचं म्हणणं असं: एखादी गोष्ट तुला माहीत असेल, तर ती शोधायची गरज नाही. माहीत नसेल, तर काय शोधायचं हेच तुला माहीत नाही. चुकून ती समोर आली तरी हीच ती, हे ओळखणार कसा? म्हणजे शोध ही गोष्टच अशक्य.

यात विशेष हे, की हाच पेच आपल्याकडेही मांडला गेला आहे. ब्रह्मसूत्रं हा वेदान्ताचा मूळ ग्रंथ. त्याचं पहिलं सूत्र 'अथातो ब्रह्मजिज्ञासा', म्हणजे आता म्हणून ब्रह्माची जिज्ञासा. त्यावर भाष्य लिहिताना शंकराचार्य आधी स्वतःच शंका काढतात: हे ब्रह्म माहीत आहे की नाही? माहीत असेल तर जिज्ञासा कशाला, आणि अजिबात माहीत नसेल तर जिज्ञासा करणारच कशी? ग्रीसमधला मेनो आणि हे भाष्य यांच्यात हजार वर्षांहून जास्त अंतर आहे, तरी शंका जवळजवळ शब्दाला शब्द तीच.

ही शंका कशी सुटते, ते मला ठाण्यात तलावपाळीवर कळलं. आम्ही नवरा-बायको रोज मासुंदा तलावाला एक फेरी मारतो. मे महिन्यात एका झाडाकडे बोट दाखवून यांनी विचारलं, "काय गं नाव याचं?" मला माहीत होतं आणि आठवत नव्हतं. "बहावा?" यांनी सुचवलं. "छे, बहावा पिवळा." "कांचन?" "नाही हो, कांचनाचं पान वेगळं. हे आपलं राज्यफूल." अर्धी फेरी झाली आणि कोपिनेश्वराच्या बाजूला आल्यावर मी थांबलेच. "ताम्हण!"

मधल्या त्या दहा मिनिटांत मला नाव माहीत होतं का? नाही. माहीत नव्हतं का? तसंही नाही, नाहीतर बहावा आणि कांचन मी इतक्या ठामपणे नाकारले नसते. नाव ओठांवर होतं. म्हणजे माहीत असणं आणि नसणं या दोन काठांच्या मध्ये एक जागा आहे, आणि जिज्ञासा राहते ती तिथे. मेनोने दोनच काठ धरले, म्हणून त्याला शोध अशक्य वाटला.

न्यायदर्शन म्हणजे आपल्याकडची तर्कशास्त्राची परंपरा. तिच्यातल्या लोकांनी या मधल्या जागेला नाव दिलं आहे: संशय. इथे संशय म्हणजे कुणावर घेतला जाणारा संशय नव्हे. हे असेल की ते, अशी मनाची दोलायमान अवस्था. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन सांगतो, की जे मुळीच ठाऊक नाही त्यावर विचार चालत नाही आणि ज्याचा निर्णय झाला आहे त्यावरही चालत नाही, तो चालतो संशयित गोष्टीवर. मला हे वाक्य प्रत्येक शिक्षकखोलीत लावावंसं वाटतं.

रुमालाची घडी

मेनोला सॉक्रेटिस नुसतं बोलून उत्तर देत नाही. तो मेनोच्या घरातल्या एका गुलाम मुलाला बोलावतो आणि मातीत चौरस काढून विचारतो: याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा, तर बाजू केवढी घ्यायची? मुलगा तडक म्हणतो, दुप्पट.

मी हे अभ्यासिकेत करून बघितलं. दोन फरश्या लांब, दोन फरश्या रुंद असा चौकोन खडूने आखला. चार फरश्या झाल्या. "मला आठ फरश्यांएवढा चौकोन हवा." आमचीही मुलं म्हणाली, बाजू दुप्पट करा. करून मोजलं तर सोळा. "मग तीन-तीन घ्या." नऊ. आठ काही होईनात. वर्ग गप्प झाला. ज्या मुलांनी आल्यापासून घड्याळाकडे दहादा बघितलं होतं, ती फरशीवर ओणवी होऊन बोटाने रेघा ओढायला लागली.

प्लेटोच्या संवादातही मुलगा इथेच अडतो, आणि सॉक्रेटिस मेनोला म्हणतो की आता त्याची अवस्था आधीपेक्षा बरी आहे. आधी त्याला वाटत होतं आपल्याला येतं. आता आपल्याला येत नाही हे त्याला कळलं आहे, म्हणून तो आनंदाने शोधेल.

उत्तर मी रुमालाने दाखवलं. तुम्हीही हातात एक चौकोनी रुमाल घ्या. चारही कोपरे उचलून मध्यावर आणा. एक लहान, तिरका चौकोन तयार होतो. दुमडलेले चार त्रिकोण त्याला बरोबर झाकतात, कुठे फट नाही, कुठे थर चढत नाही. म्हणजे लहान चौकोन रुमालाच्या नेमका निम्मा. आता सोळा फरश्यांचा चौकोन रुमाल आहे असं समजा आणि कोपरे मनातल्या मनात आत घ्या. आतला चौकोन आठचा! त्याची बाजू म्हणजे आपल्या मूळ चार फरश्यांच्या चौकोनाचा कर्ण. हे दिसलं तेव्हा एक मुलगी ओरडली, "तिरका होता होय!"

हीच गोष्ट मी आयुष्यभर फळ्यावर लिहून सांगितली होती. तेव्हा कुणी ओरडलं नव्हतं, कारण मी आठचा प्रश्न पडू देण्याआधीच कर्ण आखून द्यायची.

संशोधकांना काय दिसलं

1994 मध्ये जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी अभ्यासकाने मांडलं, की आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत असायला हवं यांच्यात फट दिसली की जिज्ञासा जागी होते. मुद्दा 'दिसली की' हा. फट सगळीकडेच असते, पण काहीच माहीत नसलं तर ती दिसत नाही. मला मंदारिन येत नाही आणि त्याची मला चुटपुटही लागत नाही. शब्दकोड्यातलं शेवटचं आडवं-उभं मात्र झोप येऊ देत नाही.

2009 मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले. उत्तर मुळीच न सुचणाऱ्यांना त्या प्रश्नात रस कमी, खात्रीने येणाऱ्यांनाही कमी. सर्वांत जास्त उत्सुक होते ते 'बहुतेक असं असेल' म्हणणारे. वात्स्यायनाची मधली जागा इथे पुन्हा सापडली.

आणि 2014 मधला एक प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने प्रश्न विचारल्यावर उत्तर लगेच दिलं नाही. काही सेकंद थांबवलं आणि त्या वेळात प्रश्नाशी काही संबंध नसलेला एक चेहरा दाखवला. ज्या प्रश्नाबद्दल माणसाला खूप उत्सुकता होती, त्याचं उत्तर तर त्याच्या जास्त लक्षात राहिलंच, पण वाट बघताना दाखवलेला तो परका चेहराही जास्त लक्षात राहिला. वाट बघणारं मन सगळ्याच गोष्टींना दार उघडं ठेवतं, असा याचा अर्थ मी घेते.

"पण उत्तर मिळालं ना? मग बिघडलं काय?"

हा आक्षेप खरा आहे आणि मी फोनच्या विरोधात नाही. औषधाच्या गोळीचं नाव, गाडीची वेळ, फॉर्म कुठे भरायचा, या गोष्टी चार सेकंदांत मिळाव्यात, त्यात वाट बघण्यासारखं काही नाही. आमच्या मुलांच्या घरी पुस्तकांचं कपाट नाही. त्यांच्यासाठी फोन हे दार आहे, आणि ते बंद करा असं म्हणायचा मला अधिकार नाही.

बिघडतं ते मधल्या जागेचं. जेट्टीवर त्या मुलाकडे प्रश्न होता, पण अंदाज नव्हता. उत्तराला अडकायला आत काहीच नव्हतं, ते आलं आणि निसटलं. बोटीत त्याच्याकडे 'खाण्यामुळे गुलाबी' एवढा धागा होता, समोर राखाडी पिल्लू होतं, आणि दोन्ही जुळत नव्हतं. म्हणजे फोनचं तेच उत्तर अर्ध्या तासाने कामाला आलं! म्हणून एआयने मुलं विचार करायची थांबतील का, यावर माझं मत असं, की उत्तर प्रश्नाच्या आधी पोचलं तर थांबतील. अंदाजानंतर पोचलं तर त्याच उत्तरातून पुढचा प्रश्न फुटेल.

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे. तिथे उत्तर शोधायला कपाटापर्यंत जाताना मधली दहा पुस्तकं डोळ्यांखालून जायची, हा त्या वेळखाऊपणाचा फायदा होता. तो परत आणायला वेगळी व्यवस्था लागेल, आपोआप तो येणार नाही.

"हे पोट भरल्यावरचे विचार"

हा आक्षेप मला पालकांकडून ऐकायला मिळतो, आणि त्यांच्या जागी तो रास्तच असतो. अॅरिस्टॉटलही म्हणतो की जगण्याच्या गरजा भागल्यावरच माणसं अशा शोधाकडे वळली.

मला इथे जोतीराव फुले आठवतात. 1883 मध्ये त्यांनी लिहिलेल्या ओळी आपल्याला पाठ आहेत, पण त्यांतला क्रम पुन्हा बघा. विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले. वित्त साखळीच्या शेवटाकडे येतं. आधी पैसा, मग ज्ञान असं ते म्हणत नाहीत. विचारायची वाटच बंद केली, म्हणून पुढचं सगळं गेलं, असं सांगतात. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या प्रश्न विचारू दिले गेले नाहीत, तिथल्या मुलीला 'आधी पोटाचं बघ' म्हणणं म्हणजे त्याच साखळीची आणखी एक कडी जोडणं.

मी स्वतः लहानपणी एका शाळेत 'शून्याने भागायचं का नाही' असं विचारलं म्हणून तासभर बाहेर उभी होते. आम्ही उपाशी नव्हतो. तरी त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात हात वर केला नाही.

"फार खोलात जाऊ नये"

या वाक्याला मोठी परंपरा आहे. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या दरबारात वाद चालू असतो. गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, हे सगळं पाण्यावर विणलेलं आहे, तर पाणी कशावर विणलं आहे? वाऱ्यावर. वारा कशावर? अशी ती एकेक पायरी चढत ब्रह्मलोकापर्यंत जाते आणि ते कशावर, असं विचारते. याज्ञवल्क्य म्हणतो, गार्गी, अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल.

गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबवून सांगतात. ती इथे थांबत नाही. गार्गी गप्प बसते, मध्ये दुसरा एक जण प्रश्न विचारून घेतो, आणि मग ती पुन्हा उठते. म्हणते, काशीचा किंवा विदेहाचा योद्धा धनुष्य ताणून, हातात दोन बाण घेऊन उभा राहावा, तशी मी दोन प्रश्न घेऊन उभी आहे. आणि विचारते काय? आकाशाच्या वर, पृथ्वीच्या खाली, जे झालं, आहे आणि होईल, ते कशावर ओत आणि प्रोत आहे? प्रश्न तोच आहे, फक्त बसल्या वेळात तिने त्याला धार लावली आहे. या वेळी याज्ञवल्क्याला उत्तर द्यावं लागतं. (आपला 'ओतप्रोत' हा शब्द याच विणकामातला, उभे-आडवे धागे.)

तरीही काही गोष्टी न विचारणं शहाणपणाचं असतं, हे मी मान्य करते. सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर कोण येतं-जातं याची चौकशी हा भोचकपणा. तो आणि जिज्ञासा वेगळं कसं ओळखायचं? भोचकपणाचं पोट बातमी मिळाली की भरतं, त्यातून पुढे काही समजून घ्यायचं नसतं. शिवाय ती माहिती त्या माणसाची असते, आपली नसते.

पाऊण तासाचं गणित

आता अभ्यासिकेत आम्ही एक पद्धत ठेवली आहे. प्रश्न पडला की तो फळ्यावर लिहायचा, त्याखाली निदान तीन अंदाज लिहायचे, मग फोन.

विटाव्याच्या एका मुलीचे आजोबा कोळी. ते पंचांग बघून भरती सांगतात. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आत ठाण्यापर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ जातो. मुलांनी गुणाकार करत करत पौर्णिमा गाठली आणि अडली: पंधरा पाऊणे सव्वाअकरा, पण आजोबा तर बारा म्हणतात. मग उलटं केलं. 15 तिथींत 12 तास सरकायचे, तर रोज 48 मिनिटं. पाऊण म्हणजे 45, तोंडी हिशेबाला सोपं म्हणून. चंद्र रोज साधारण तेवढाच उशिरा उगवतो, हे मी सांगितलं.

ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाई, भरती चंद्रामुळे येते ना? चंद्र तर एकाच बाजूला असतो. मग दिवसातून दोनदा कशी येते?"

फळ्यावर अंदाज पडले. दुसरी भरती सूर्याची. पाणी बादलीसारखं हेलकावतं. चंद्र पाण्याबरोबर पृथ्वीलाही ओढत असेल. फोन कपाटात गेले, उत्तर शुक्रवारी बघायचं ठरलं. तिने घरी जाऊन आजोबांनाही विचारलं. आयुष्यभर दोन्ही भरत्यांवर जाळी टाकलेला तो माणूस थोडा वेळ खाडीकडे बघत राहिला, आणि शुक्रवारी किती वाजता बसता तुम्ही, असं त्यांनी विचारलं.